मोबाइल ॲपमधला पॉप-अप मेनू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाचनालयासाठी मी लहानसं अँड्रॉइड ॲप बनवलं होतं. सभासदाने घरी नेलेल्या पुस्तकांची यादी, प्रत्येक पुस्तकासमोर उभे तीन ठिपके, ठिपक्यांवर बोट ठेवलं की चार पर्याय: मुदत वाढवा, शेअर करा, शेरा लिहा, यादीतून काढा. बस, एवढंच. पण ह्या एवढ्याशा मेनूने माझे जितके रविवार खाल्ले तितके अख्ख्या लॉगिनने खाल्ले नाहीत. पुढे ओळखीतली मुलं, जुने सहकारी तेच प्रश्न घेऊन यायला लागले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

बराचसा भाग अँड्रॉइडच्या जुन्या व्ह्यू पद्धतीचा (स्क्रीनवरचं बटण, ओळ असा प्रत्येक घटक म्हणजे एक व्ह्यू) आणि कॉटलिन ह्या भाषेचा आहे, कारण चालू ॲप्समध्ये अजून तेच भरपूर आहे. कंपोज (अँड्रॉइडची नवी पद्धत), आयओएस (आयफोनची प्रणाली) आणि फ्लटर (एकाच कोडमधून दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन) शेवटाकडे. कोडचे तुकडे मुद्दाम दिलेले नाहीत. क्लास आणि फंक्शनची नावं आपण एकमेकांना फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाकली की पुढचं तो स्वतःच सुचवतो.

पॉप-अप मेनू, ऑप्शन्स मेनू, कॉन्टेक्स्ट मेनू... हे सगळं एकच ना?

दिसायला सख्खे भाऊ, पण घरं वेगळी. ऑप्शन्स मेनू अख्ख्या स्क्रीनचा असतो: वरच्या टूलबारच्या कोपऱ्यात ‘सेटिंग्ज’, ‘लॉगआउट’ वगैरे. जुन्या अँड्रॉइड फोनना खाली मेनूचं खरंखुरं बटण असायचं, ते दाबल्यावर जो वर यायचा तोच हा. कॉन्टेक्स्ट मेनू एखाद्या गोष्टीवर बोट दाबून धरलं की येतो. आणि पॉप-अप मेनू एखाद्या ठरावीक व्ह्यूला टांगलेला असतो, त्या व्ह्यूखाली उघडतो. अँड्रॉइड ३.० मध्ये, म्हणजे २०११ साली, एपीआय ११ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा प्रोग्रामरांसाठीचा क्रमांक) सोबत तो आला.

तो ज्या व्ह्यूला टांगलेला असतो त्याला अँकर म्हणतात. मी त्याला खुंटी म्हणतो. ह्या पानावरच्या निम्म्याहून अधिक तक्रारींची मुळं मेनूत नाहीतच, ती खुंटीत आहेत: मेनू कोणाला टांगला, ती खुंटी भिंतीवर आहे का, आणि ती नक्की कुठल्या पुस्तकाची.

अगदी साधा मेनू जोडायचा तर किमान काय लागतं?

चार गोष्टी. ‘रेस’ फोल्डरमध्ये ‘मेनू’ नावाचं फोल्डर आणि त्यात एक एक्सएमएल फाइल. त्यात प्रत्येक पर्यायासाठी एक आयटम, त्याला एक आयडी आणि एक शीर्षक. मग तीन ठिपक्यांच्या बटणाच्या क्लिकमध्ये पॉपअपमेनूचा नवा ऑब्जेक्ट, त्याला कॉन्टेक्स्ट (थीम, भाषा वगैरे कुठून घ्यायची ते सांगणारा ऑब्जेक्ट) आणि अँकर. मग ‘इन्फ्लेट’ करून ती एक्सएमएल फाइल त्यात भरायची, आणि क्लिकसाठी ‘सेटऑनमेनूआयटमक्लिकलिसनर’ (लिसनर म्हणजे पर्याय निवडल्यावर चालणारा कोड). शेवटी ‘शो’.

शो विसरणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच. एरर येत नाही, ॲप बंद पडत नाही, नुसतं काहीच घडत नाही, आणि माणूस अर्धा तास एक्सएमएल तपासत बसतो.

इम्पोर्ट करताना त्याच नावाचे दोन क्लास समोर येतात: एक सिस्टीमचा, एक अँड्रॉइडएक्सच्या ॲपकॉम्पॅट ह्या लायब्ररीतला. ॲपकॉम्पॅटची थीम वापरत असाल तर दुसरा घ्या. जुन्या फोनवरही तो तसाच दिसतो, आणि थीमचे रंग नीट उचलतो.

मेनू उघडतो, पण पर्याय निवडल्यावर काहीच होत नाही.

लिसनर शोच्या आधी लावला आहे ना ते आधी पाहा. मग एक्सएमएलमधला आयडी आणि कोडमधला आयडी एकच आहे का ते. एका फाइलवरून दुसरी कॉपी करताना आयडी जुनाच राहतो आणि शीर्षक तेवढं बदलतं, हा प्रकार नेहमीचा. लिसनरने ट्रू परत करायचं असतं: ‘हे क्लिक माझं, मी बघितलं’ असा त्याचा अर्थ.

जावामध्ये लिहीत असाल आणि जुना प्रोजेक्ट नव्या अँड्रॉइड स्टुडिओत उघडल्यावर स्विच-केसमध्ये ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन हवं’ अशी कुरकुर सुरू झाली असेल, तर दोष तुमचा नाही. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (ॲप बांधणारं साधन) ८.० पासून रिसोर्सचे आयडी फायनल, म्हणजे कायमचे ठरलेले, राहिलेले नाहीत, त्यामुळे ते केसमध्ये चालत नाहीत. स्विच काढून इफ-एल्स लिहा. कॉटलिनच्या ‘व्हेन’ला ही अडचण नाही.

‘बॅडटोकनएक्सेप्शन’ येऊन ॲप बंद पडतं. तेही कधीकधीच.

‘कधीकधीच’ हाच धागा धरा. मेनू ही एक छोटी खिडकी असते आणि तिला खालच्या मोठ्या खिडकीचं टोकन, म्हणजे ओळखपत्र, लागतं. ते टोकन अँकरकडून येतं. अँकर अजून खिडकीला लागलेला नसेल किंवा आता सुटलेला असेल, तर टोकन रिकामं येतं आणि सिस्टीम सरळ नकार देते. भिंतीवर नसलेल्या खुंटीला पिशवी अडकवायचा हा प्रकार.

दोन ठिकाणी हे हमखास होतं. एक, ऑनक्रिएटमध्येच शो केलं तर. स्क्रीन अजून लागायची असते. तिथे अँकरवर ‘पोस्ट’ करून (म्हणजे काम जरा पुढे ढकलून) त्यात शो करा. दुसरं जास्त सतावणारं: ठिपके दाबले, पर्याय सर्व्हरवरून येणार म्हणून थांबलात, तेवढ्यात वापरणाऱ्याने बॅक दाबलं, मग उत्तर आलं आणि तुम्ही शो केलं. ऑफिसच्या वायफायवर हे कधी दिसत नाही. लोकलमध्ये, नेटवर्क गचके खात असताना, रोज दिसतं. शोच्या आधी ‘इजअटॅच्डटूविंडो’ विचारा आणि उत्तर नाही असेल तर गप्प बसा. त्याहून बरं म्हणजे मेनूतल्या पर्यायांसाठी नेटवर्कवर थांबूच नका. जे लागतं ते यादीसोबतच आणून ठेवा.

मेनू पांढरा आणि अक्षरंही पांढरी. किंवा अख्खं ॲप मराठीत आणि मेनू तेवढा इंग्रजीत.

दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, आजार बहुतेक वेळा एकच निघतो: मेनूचा ऑब्जेक्ट बनवताना त्याच्या कन्स्ट्रक्टरला स्क्रीनचा सोडून अख्ख्या ॲपचा, म्हणजे ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट दिलेला असतो.

थीम अॅक्टिव्हिटीवर, म्हणजे ॲपच्या एका स्क्रीनवर, लावलेली असते. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टला तिचा पत्ता नसतो, म्हणून डार्क मोडमध्ये रंगांचा घोळ होतो. भाषेचंही तसंच. ॲपच्या आतून भाषा बदलायची सोय ॲपकॉम्पॅटमधून दिली असेल, तर अँड्रॉइड १३ च्या आधीच्या फोनांवर ती भाषा अॅक्टिव्हिटीच्या कॉन्टेक्स्टला लागू होते, ॲप्लिकेशनच्या नाही. फोन इंग्रजीत, ॲप मराठीत, आणि मेनूची शीर्षकं ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टमधून उचललेली: मग ‘एक्स्टेंड’ आणि ‘रिमूव्ह’ दिसणारच.

उपाय सोपा आहे आणि तो मी डोळे मिटून वापरतो. कॉन्टेक्स्ट वेगळा शोधायचाच नाही, अँकरकडूनच मागायचा. अँकर ज्या स्क्रीनवर आहे तिथली थीम आणि भाषा त्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये असतेच.

रंग मुद्दाम बदलायचे असतील तर थीममध्ये ‘पॉपअपमेनूस्टाइल’ द्या आणि त्यात ‘पॉपअपबॅकग्राउंड’. एकाच ठिकाणचा मेनू वेगळा हवा असेल तर कॉन्टेक्स्टथीमरॅपर.

एका पुस्तकाचा मेनू उघडला, पण क्रिया दुसऱ्याच पुस्तकावर झाली!

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. हाच मी फोनवर, वाचनालयातल्या बाईंकडून ऐकला आहे. “अहो, सभासद म्हणतायत मुदत वाढवली, पण आमच्याकडे तर भलत्याच पुस्तकाची वाढलेली दिसतेय.” मी त्यांना दोनदा सांगितलं की सभासदांचं बोट चुकलं असेल. बोट बरोबर होतं.

झालं असं होतं. यादीची ओळ भरणाऱ्या ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये जी पोझिशन, म्हणजे ओळीचा क्रमांक, मिळते, ती मी क्लिकच्या लॅम्डामध्ये (क्लिकवर चालणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये) तशीच पकडून ठेवली होती. समजा यादीत सहा पुस्तकं आहेत आणि सभासदाने दुसरं यादीतून काढलं. ‘नोटिफायआयटमरिमूव्ह्ड’ म्हटल्यावर खालच्या ओळी वर सरकतात, पण त्या पुन्हा बाइंड होत नाहीत. तिसऱ्या क्रमांकाची ओळ आता दुसरी झाली, तिच्या लॅम्डात मात्र अजून ‘मी तिसरी’ असंच लिहिलेलं. तिचा मेनू उघडून मुदत वाढवली की सध्या जे तिसरं आहे, म्हणजे तिच्या खालचं पुस्तक, त्याची मुदत वाढते. शेवटच्या ओळीवर हेच केलं तर ॲप बंद पडतं, कारण त्या क्रमांकावर आता कोणीच नाही. गंमत म्हणजे बंद पडण्याची तक्रार मला आधीच आली होती आणि तिथे मी नुसता ट्राय-कॅच टाकून मोकळा झालो होतो.

पहिली दुरुस्ती: पोझिशन पकडून ठेवू नका, क्लिक झाल्यावर व्ह्यूहोल्डरला (ओळीचे व्ह्यू सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टला) विचारा. रिसायक्लरव्ह्यू (यादी दाखवणारा घटक) १.२ पासून त्यासाठी ‘बाइंडिंगअॅडॅप्टरपोझिशन’ आहे. जुनं ‘गेटअॅडॅप्टरपोझिशन’ तेव्हा बाद ठरवलं गेलं. उत्तर ‘नोपोझिशन’, म्हणजे उणे एक, येऊ शकतं. तसं आलं तर काहीही न करता परत फिरा.

पण एवढ्याने पुरत नाही. मेनू उघडणं आणि पर्याय निवडणं ह्यांच्यात वेळ जातो. माणूस विचार करतो, चहाचा घोट घेतो, आणि तेवढ्यात मागे यादी ताजी होते. म्हणून मेनू उघडतानाच त्या पुस्तकाचा आयडी हातात घ्या आणि पुढची सगळी क्रिया त्या आयडीवर करा. सर्व्हरलाही आयडीच पाठवा. क्रमांक ही रांगेतली जागा आहे, आणि रांग हलते.

पर्यायांसमोर आयकॉन दिले, पण दिसत नाहीत.

पॉप-अप मेनू मुळातच आयकॉन लपवतो. एक्सएमएलमध्ये दिलेत तरी. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे एपीआय २९ पासून, सिस्टीमच्या क्लासमध्ये ‘सेटफोर्सशोआयकॉन’ आहे. ॲपकॉम्पॅटच्या नव्या आवृत्त्यांतही तो आला आहे, त्यामुळे लायब्ररी अद्ययावत केलीत की प्रश्न मिटतो.

जुन्या उत्तरांमध्ये ह्यावर रिफ्लेक्शनची एक युक्ती सापडेल: आतल्या खासगी फील्डला हात घालून आयकॉन दाखवायला लावायचे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून अशा छुप्या गोष्टींना हात लावण्यावर बंधनं आली. एका फोनवर चालेल, दुसऱ्यावर पडेल. नकोच ते.

मेनू हवा तिथे उघडत नाही. रुंदीही बदलता येत नाही.

खाली जागा असेल तर अँकरच्या खाली, नसेल तर वर, हा त्याचा स्वभाव. उजव्या कडेला लावायचा असेल तर कन्स्ट्रक्टरला तिसरं मूल्य ग्रॅव्हिटीचं देता येतं, एपीआय १९ पासून. अख्ख्या ओळीला अँकर केलंत तर मेनू ओळीच्या डाव्या टोकाला उघडतो आणि मग ‘मेनू भलतीकडेच’ अशी तक्रार येते; ठिपक्यांच्या बटणालाच टांगा.

टूलबारमधल्या आयटमला टांगायचं असेल तर त्याचा व्ह्यू टूलबारमध्ये आयडीवरून शोधावा लागतो. पण जागेअभावी तो आयटम स्वतःच ओव्हरफ्लोमध्ये (तीन ठिपक्यांमागे) ढकलला गेला असेल, तर व्ह्यू नल मिळतो, म्हणजे मिळतच नाही. छोट्या फोनवर एकदा तपासून घ्या.

रुंदीसाठी पॉपअपमेनूमध्ये फंक्शन नाही. रुंदी, उंची, स्वतःचा लेआउट असं सगळं हवं असेल तर लिस्टपॉपअपविंडो वापरा. त्यात मोडल ट्रू करायला विसरू नका, म्हणजे ती उघडी असताना बोट तिलाच लागतं, मागच्या स्क्रीनला नाही.

टिकमार्क लावलेला पर्याय पुढच्या वेळी पुन्हा मोकळा दिसतो.

‘क्रम लावा: नावाप्रमाणे, तारखेप्रमाणे’ अशा मेनूत हे होतं. ग्रुपला चेकेबल केलं, वागणूक सिंगल ठेवली, तरी टिक लावायचं काम तुमचंच: लिसनरमध्ये ‘सेटचेक्ड’ हाताने म्हणावं लागतं. आणि दर वेळी नवा पॉपअपमेनू बनवत असाल तर त्याला मागचं काहीच आठवत नाही. निवड व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) किंवा प्रेफरन्समध्ये (फोनवर साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) ठेवा आणि शोच्या आधी योग्य आयटमवर टिक लावा.

सबमेनू देता येतो, एकच पातळी. फोनवर मात्र पहिला मेनू मिटतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, परत जायची वाट दिसत नाही. मी सबमेनू कधी ठेवत नाही.

न लागू होणारा पर्याय लपवावा की फिका करावा?

आत्ता चालत नाही पण पुढे चालेल असा असेल तर फिका. ‘मुदत वाढवा’ हे दोनदा वापरून झालं आणि तिसऱ्यांदा वाचनालयाचा नियम आड येतो, तर ते फिकं दिसू द्या. लपवलंत तर सभासद ते शोधत राहतो आणि मग काउंटरवर येऊन विचारतो. ह्या माणसाला तो कधीच लागू होणार नसेल, उदाहरणार्थ ग्रंथपालांसाठीचं ‘पुस्तक बाद करा’, तर लपवा.

लपवणं म्हणजे कुलूप नव्हे, हे लक्षात असू द्या. परवानगी आहे का ते सर्व्हरने तपासायलाच हवं.

कंपोजमध्ये हे कसं करतात?

तिथे पॉपअपमेनू नाही, ड्रॉपडाउनमेनू आहे, आणि त्यात ड्रॉपडाउनमेनूआयटम. ‘शो’ म्हणायचं नसतं. ‘एक्स्पांडेड’ नावाचं एक हो-नाही मूल्य तुम्ही सांभाळायचं. ते ट्रू झालं की मेनू दिसतो. बाहेर बोट लागलं की ‘ऑनडिसमिसरिक्वेस्ट’ येतो, तिथे ते फॉल्स करायचं. आयटमच्या ऑनक्लिकमध्येही हाताने फॉल्स करावं लागतं, नाहीतर काम होतं आणि मेनू तसाच ताटकळत उभा राहतो.

इथली खुंटी म्हणजे मेनूचा पालक लेआउट. आयकॉनचं बटण आणि ड्रॉपडाउनमेनू दोन्ही एकाच बॉक्समध्ये ठेवा. मेनू बाहेर कुठेतरी कॉलमच्या तळाशी लिहिलात तर तो कॉलमला टांगला जातो आणि स्क्रीनच्या भलत्या कोपऱ्यात उगवतो.

यादीत आणखी एक विनोद घडतो. सगळ्या ओळींसाठी एकच एक्स्पांडेड ठेवलंत, तर एका पुस्तकाचे ठिपके दाबल्यावर दिसणाऱ्या सगळ्या पुस्तकांचे मेनू एकदम उघडतात. हो-नाही ऐवजी ‘कोणाचा मेनू उघडा आहे’ म्हणून त्या पुस्तकाचा आयडी ठेवा, किंवा प्रत्येक ओळीच्या आत स्वतंत्र रिमेंबर (मूल्य लक्षात ठेवणारं कंपोजचं फंक्शन). आणि लेझीकॉलमच्या (कंपोजमधल्या यादीच्या) आयटमना ‘की’ (प्रत्येकाची कायमची ओळख) द्या, म्हणजे ओळी सरकल्या तरी स्टेट ज्याचं त्याच्यापाशी राहतं.

फोन आडवा केला की मेनू नाहीसा होतो.

व्ह्यू पद्धतीत अॅक्टिव्हिटी नव्याने बनते, अँकर जुना होतो, मेनू जातो. लॉगमध्ये खिडकी गळल्याची लाल ओळ दिसत असेल तर मेनूचा संदर्भ जपून ठेवा आणि ऑनस्टॉपमध्ये डिसमिस करा. तो पुन्हा उघडायच्या भानगडीत पडू नका. फोन फिरवताना उघडा असलेला मेनू परत हवा म्हणून कोणी आजवर तक्रार केलेली नाही. कंपोजमध्ये हवाच असेल तर रिमेंबरसेव्हेबल आहे.

आयफोनसाठी काय?

आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, यूआयबटनला थेट यूआयमेनू लावता येतो. ‘शोजमेनूअॅजप्रायमरीअॅक्शन’ ट्रू केलं की साध्या टॅपवर उघडतो, नाहीतर बोट दाबून धरावं लागतं. ॲपलच्या नव्या पद्धतीत, स्विफ्टयूआयमध्ये, मेनू नावाचाच व्ह्यू आहे. काढून टाकण्याच्या पर्यायाला ‘डिस्ट्रक्टिव्ह’ म्हणा, तो लाल होतो.

“माझी यादी उलटी का दिसते?” असं एकाने घाबरून विचारलं होतं. मेनू बटणाच्या वर उघडला तर सिस्टीम पहिला पर्याय बोटाच्या जवळ राहील असा क्रम लावते, म्हणजे वाचताना उलटा. ठरलेला क्रमच हवा असेल तर आयओएस १६ पासून स्विफ्टयूआयमध्ये मेनूऑर्डर ‘फिक्स्ड’ करता येतो.

जुनी ॲक्शन शीट (खालून येणारी पर्यायांची यादी) वापरत असाल तर आयपॅडवर नक्की चालवून पाहा. तिथे ती पॉपओव्हर, म्हणजे एखाद्या घटकाला चिकटलेला फुगा, म्हणून येते, आणि सोर्सव्ह्यू किंवा बारबटन दिलेलं नसेल तर ॲप बंद पडतं. आयपॅडचीही खुंटीच.

आणि फ्लटर?

पॉपअपमेनूबटन. ‘आयटमबिल्डर’मधून पर्याय द्यायचे, ‘ऑनसिलेक्टेड’मध्ये उत्तर घ्यायचं. तीन ठिपके त्याचे तोच आणतो: अँड्रॉइडवर उभे, आयफोनवर आडवे.

आयटमला व्हॅल्यू द्यायला विसरलात तर ऑनसिलेक्टेड येतच नाही, उलट ऑनकॅन्सल्ड येतो. कारण आतून नल परत येतो आणि फ्लटर समजतो की माणसाने काही निवडलंच नाही. दुसरं, जुन्या फ्लटरमध्ये आयटमच्या ऑनटॅपमधून डायलॉग उघडला तर तो उघडताक्षणी मिटायचा: ऑनटॅप आधी चालायचं, मेनूचा पॉप (सगळ्यात वरचं मिटवणं) नंतर, आणि तो पॉप मेनूऐवजी नव्या डायलॉगलाच लागायचा. डायलॉग ऑनसिलेक्टेडमधून उघडा, आवृत्तीची चिंता राहत नाही.

मराठी शीर्षकं कशी लिहावीत?

स्ट्रिंग्ज कधी कोडमध्ये लिहू नका. ‘व्हॅल्यूज’ फोल्डरचं मराठीसाठीचं भावंड करा आणि तिथे ठेवा. इथपर्यंत सगळे करतात. पुढचं भाषेचं आहे.

मेनूतला पर्याय म्हणजे माणसाने ॲपला दिलेली आज्ञा. मग ‘हटव’ की ‘हटवा’ की ‘हटवणे’? ‘हटवा’. ‘हटवणे’ सरकारी फलकावरचं वाटतं. आणि ‘हटवा’ सुद्धा मी टाळतो; घरात कोणी पुस्तक हटवत नाही. ‘यादीतून काढा’ म्हटलं की नक्की काय होणार ते कळतं, आणि पुस्तकच नष्ट होईल अशी भीतीही वाटत नाही. ‘शेअर करा’ ला ‘सामायिक करा’ लिहिलं होतं, तर एका आजोबांनी विचारलं की हे संयुक्त खात्यासारखं काही आहे का. दुसऱ्या दिवशी ‘शेअर करा’ केलं.

पर्याय एका ओळीत मावला पाहिजे, कारण पॉप-अप मेनू शीर्षक दुसऱ्या ओळीवर नेत नाही. ‘परत करण्याची मुदत वाढवून घ्या’ हे व्याकरणाने निर्दोष आहे आणि मेनूत अर्धंच दिसतं. फोनचा अक्षरांचा आकार सर्वात मोठा करून पाहा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. स्वतःचा लेआउट वापरत असाल तर ओळीला ठरावीक उंची देऊ नका. रोमन अक्षरांवर बेतलेल्या उंचीत आपले अनुस्वार आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ‘शेरा लिहा’ चं ‘शरा लहा’ झालेलं मी पाहिलं आहे.

टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्यांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

मेनूच्या आतलं सिस्टीम सांभाळते. तुमचं काम ठिपक्यांच्या बटणाला कॉन्टेंट डिस्क्रिप्शन देणं, नाहीतर टॉकबॅक नुसतं ‘बटण’ म्हणतो. त्यात पुस्तकाचं नाव घाला. वीस ओळींना वीसदा ‘आणखी पर्याय’ ऐकणाऱ्याला कशाचे पर्याय ते कसं कळणार? बटणाची दाबायची जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) ठेवा, ठिपके कितीही बारीक असले तरी.

एस्प्रेसोच्या (स्वयंचलित चाचणीच्या साधनाच्या) टेस्टला मेनूतला पर्याय सापडत नाही.

तो वेगळ्या खिडकीत असतो. ‘इनरूट’ मध्ये ‘इजप्लॅटफॉर्मपॉपअप’ द्या, सापडेल.

‘यादीतून काढा’ दाबल्यावर ‘खात्री आहे का?’ असं विचारावं का?

परत आणता येण्यासारखं असेल तर विचारू नका. काढून टाका आणि खाली स्नॅकबारमध्ये (थोडा वेळ दिसणाऱ्या पट्टीत) ‘परत आणा’ द्या. दर वेळी खात्री विचारली की लोक न वाचता ‘हो’ दाबायला शिकतात. परत आणता येत नसेल तर विचारा, आणि हा पर्याय मेनूत सगळ्यात खाली ठेवा, ‘शेअर करा’ च्या शेजारी नको.

किती पर्याय असावेत?

सहा-सातच्या पुढे गेलात तर खालून वर येणारी बॉटम शीट बघा. अंगठ्याला सोपी पडते. एकच पर्याय असेल तर मेनू कशाला, बटण द्या.

आमच्या ॲपमध्ये चारच होते, तरी गाडी अडली. एक सभासद काउंटरवर फोन घेऊन आले आणि म्हणाले, स्क्रीनवर पुस्तकापुढे तीन डाग पडले आहेत, पुसले तरी जात नाहीत. त्यांना मुदत वाढवायची होती आणि ती ॲपमधून वाढते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात ‘मुदत वाढवा’ मेनूतून काढून पुस्तकाच्या नावाखाली अक्षरांत लिहिलेलं बटण केलं. उरलेले तीन पर्याय अजून ठिपक्यांमागेच आहेत. ‘शेरा लिहा’ आजवर फक्त दोघांनी वापरलं आहे, त्यातला एक मी.